भरतीची वेळ

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. हा विषय दोन वर्षं डोक्यात होता, पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याने हो म्हटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या महिन्यात तो हो म्हणाला. "लिही दादा, फक्त नाव नको टाकूस," एवढंच. आपल्या घरची बरीच मंडळी हे वाचतात, त्यांना तो कोण ते कळेलच. त्यांना एकच विनंती. वाचून झाल्यावर लगेच त्याला फोन करून "अरे, आम्हाला नाही का सांगायचं?" असं विचारू नका. का, ते पुढे येईल.

तर सुरुवात झाली भाच्याच्या फोनने. हा भाचा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये नोकरीला आहे. एका रविवारी म्हणाला, "मामा, मी हल्ली शनिवारी पोरांना समुद्रात ढकलायला जातो."

"पैसे किती देतात?"

"काही नाही. उलट पेट्रोल माझं."

मग त्याने समजावून सांगितलं. लांब फळी घेऊन समुद्रात शिरायचं, फुटायच्या बेतात असलेली लाट आली की फळीवर पालथं पडून तिच्यापुढे सुटायचं, जमलं तर उभं राहायचं. हे सर्फिंग. नवशिक्याला लाट कधी धरायची ते कळत नाही, म्हणून मागे एक जण कंबरभर पाण्यात उभा राहून नेमक्या वेळी फळी ढकलतो. तो ढकलणारा म्हणजे आमचा भाचा. आणि पोरं म्हणजे खेळाडू नव्हेत. शाळेत जायला घाबरणारी, कुणाशी न बोलणारी, घरात नको ते पाहिलेली मुलं. तिथले डॉक्टर, शाळा, समुपदेशक त्यांना मुद्दाम इकडे पाठवतात. कॉर्नवॉलमध्ये २०१० साली 'वेव्ह प्रोजेक्ट' नावाने हा प्रयोग सुरू झाला तेव्हा २० मुलंमुली होती आणि थोडे पैसे सरकारी आरोग्यसेवेने दिले होते. आता ब्रिटनमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर असे गट आहेत. त्यातल्याच एकात हा जातो.

मला हसू आलं. चिंचणीच्या किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला समुद्र हे औषध आहे असं कुणी सांगायला लागलं तर हसूच येणार. आमच्यासाठी समुद्र म्हणजे वाळत घातलेले बोंबील, ओहोटीला पायाला लागणारा चिखल आणि आजीचं एक वाक्य: पाण्याकडे पाठ करून उभं राहू नये. लाटांवर फळी घेऊन खेळणं हे पोट भरलेल्या लोकांचे उद्योग, असं मी त्याला बोलूनही दाखवलं.

तो रागावला नाही. म्हणाला, "मामा, मुलगा फळीवर उभा राहतो की नाही याला काही महत्त्व नाही. सगळे आधी गोल करून बसतात, मग पाण्यात जातात, मग परत गोल करून बसतात. पाण्यातून आल्यावर पोरं बोलतात. आधी नाही बोलत."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण त्या वेळी आमच्या घरात एक माणूस बोलत नव्हता.

माझा मावसभाऊ तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. सहा वर्षांपूर्वी रात्रपाळीत शेजारच्या प्लांटमध्ये स्फोट झाला. याला खरचटलंसुद्धा नाही. पण अर्ध्या तासापूर्वी ज्याच्याबरोबर चहा घेतला होता तो माणूस गेला. बोईसरच्या लोकांना हे नवीन नाही. आवाज होतो, काचा हादरतात, सगळे गच्चीवर जाऊन धूर कुठल्या बाजूला आहे ते बघतात, ओळखीच्यांना फोन करतात, आणि सकाळी पहिल्या पाळीच्या बसेस नेहमीप्रमाणे भरून जातात.

याचं मात्र काहीतरी तिथेच राहिलं. झोप गेली. कुकरची शिट्टी झाली की हा उठून दाराबाहेर. पोरीने फुगा फोडला तर तिच्यावर हात उगारला आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून थरथरत राहिला. नोकरी सुटली. मावशीने नारळ उतरवून टाकला, कुणी भगताकडे नेलं, कुणी म्हणालं हवापालट करा. आम्ही समुद्रापासून चार किलोमीटरवर राहणारी माणसं, हवापालटाला जायचं कुठे? शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांनी झोप आली. बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाने जेवढं व्हायचं तेवढं होतंय, आता यांना अशाच अनुभवातून गेलेल्या माणसांबरोबर बसवता आलं तर बघा. गट हवा.

गट कुठे? ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच आहे, पुण्याला १९८६ पासून व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण आहे. या दोन्ही ठिकाणी माणसं एकमेकांच्या आधाराने कशी उभी राहतात ते आपण सगळ्यांनी वाचलेलं, ऐकलेलं आहे. पण बोईसरहून ठाण्याला दर आठवड्याला जायचं म्हणजे सबंध दिवस मोडतो. दिवस मोडला की रोज बुडतो. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा त्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

हे चालू असताना मी मनात म्हणत असे, गटाचं काय एवढं, चार माणसं जमवली की झाला गट. आपल्याकडे काय माणसांची कमी आहे? आता मला जे सांगायचंय ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि ते माझ्याविषयी आहे.

मी २२ वर्षं बोईसर ते मुंबई अप-डाऊन केलं. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी शटलने विरार, विरारला गाडी बदल, असा प्रवास. ज्यांनी तो केलाय त्यांना सांगायला नको की डब्यातला ग्रुप म्हणजे काय असतं. ठरलेला डबा, ठरलेली जागा. भजन, पत्ते, दसऱ्याला डब्याची पूजा, कुणाच्या मुलीचं लग्न असलं की सगळा डबा हजर. आमच्यात एक जण होता, पालघरला चढायचा. ११ वर्षं माझ्या समोरच्या बाकावर बसला. एका सोमवारी आला नाही. मंगळवारी कळलं की त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

आम्हाला त्याच्या मुलाचे दहावीचे मार्क माहीत होते. त्याला कुठल्या दुकानाचे वडे आवडतात ते माहीत होतं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. नंतर आठवायला लागलं. शेवटच्या महिन्यात तो पत्ते हातात घेऊन नुसता बसायचा. एकदा मीच त्याला म्हणालो होतो, "काय रे, वहिनींनी डबा नाही दिला का आज?" सगळे हसले. तोही हसला. हे वाक्य माझं होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही ते मला रात्री-बेरात्री ऐकू येतं.

डबा वाईट नव्हता. पण डब्यात एक न सांगितलेला नियम होता, की कुणी कुणाचा मूड घालवायचा नाही. दिवसभर साहेबाचं ऐकून आलेली माणसं, त्यांना दीड तास हसायचं होतं. त्यात चूक काहीच नाही. पण ज्याला रडायचं होतं त्याला तिथे जागा नव्हती. म्हणून मी आता ठामपणे म्हणतो, माणसं जमली म्हणजे आधाराचा गट झाला असं नाही. भजनी मंडळ, नाक्यावरचा कट्टा, सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप, सगळं चांगलं आहे, पण तिथे "मला बरं वाटत नाहीये" हे वाक्य बोलता येतं का, एवढं विचारून बघा.

भाच्याच्या फोननंतर मी त्याने सांगितलेलं वाचायला लागलो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ मासिफुमेलेले नावाची गरीब वस्ती आहे. तिथल्या मुलांना टिम कोनिबेअर नावाचा एक ब्रिटिश तरुण २००९ च्या सुमारास सर्फिंग शिकवायला लागला. त्यातून 'वेव्हज फॉर चेंज' ही संस्था उभी राहिली. मारामाऱ्या, टोळ्या, घरातली दारू यांत वाढलेली ही मुलं. त्यांना कुणी "चल, मानसोपचाराला" म्हटलं असतं तर कोण आलं असतं? पण फळी घेऊन समुद्रात जायला सगळे तयार. आणि शिकवणारे कोण? त्याच वस्त्यांतले तरुण. त्यांना आधी प्रशिक्षण दिलं जातं, नुसतं लाटांचं नाही, तर मूल गप्प का आहे ते कसं ओळखायचं, ऐकून कसं घ्यायचं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं दिसलं तर कुणाकडे न्यायचं याचं.

आपल्या देशातही सर्फिंग आहे. कर्नाटकात मुळकीला आहे, केरळात कोवळमला आहे, चेन्नईजवळच्या कोवलम गावात आहे. केरळच्या कोवळममध्ये तर शाळा सोडलेल्या मुलांसाठी नियमच होता की शाळेत गेलात तरच फळी मिळेल. म्हणजे लाटेचा उपयोग मुलांना बांधून ठेवायला करायचा, हे आपल्याकडेही कुणालातरी सुचलं होतं.

मग मला एक अभ्यास सापडला आणि माझे विचार थोडे बदलले. अमेरिकेत सॅन डिएगोला नौदलाच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी नैराश्याचा आजार असलेल्या ९६ सैनिकांचे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा सर्फिंगला नेलं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ डोंगरात चालायला. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचं नैराश्य कमी झालं, आणि कमी होण्याच्या वेगात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कार्यक्रम संपला तेव्हा आजाराच्या व्याख्येतून पुरते बाहेर पडलेले लोक सर्फिंगच्या गटात जास्त होते, हे खरं. म्हणजे लाटेत काहीतरी आहे. पण चालणाऱ्यांनाही बरं वाटलंच की! त्यांना समुद्र मिळाला नव्हता, फळी मिळाली नव्हती. त्यांना मिळाला होता ठरलेला वार, ठरलेली वेळ, उघडी हवा, घाम, आणि बरोबर चालणारी आपल्यासारखीच माणसं.

गटोपचाराचा इतिहास काढला तर तिथेही हेच दिसतं. बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी १९०५ साली क्षयाच्या गरीब रोग्यांचा एक वर्ग सुरू केला. ज्यांना सॅनेटोरियम परवडत नव्हतं, अशांचा. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं, वजन-ताप लिहिलेली वही आणायची, कुणाचं वजन वाढलं ते सगळ्यांना सांगायचं. शिकवायला गेले होते उघड्या हवेत कसं राहायचं ते, आणि लक्षात आलं की नुसत्या भेटण्याने माणसं सावरतात. आज ज्याला आपण गटोपचार म्हणतो त्याची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे ज्यांना हवापालट परवडत नव्हती, त्यांच्यासाठी निघालेली ही वाट होती.

हे वाचलं आणि म्हटलं, मग आपल्याला फळ्या कशाला हव्यात?

तशाही फळ्या इथे चालणार नाहीत. आमच्या किनाऱ्याचा उतार इतका कमी आहे की ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि मागे ओली सपाट वाळू, खडक, चिखल राहतो. भरती आली की पाणी भराभर चढतं. केळव्याला, चिंचणीला बाहेरून आलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पावसाळ्यात तर पाण्याजवळही जायचं नाही, मच्छीमारसुद्धा जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात. त्यात नवापूरच्या समुद्रात एमआयडीसीचं सांडपाणी जातं. तेव्हा कॉर्नवॉलची नक्कल करायला कुणी निघालं तर मीच आधी आडवा येईन.

पण किनाऱ्यावर चालता तर येतं.

मी मावसभावाला म्हटलं, "मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एकट्याला कंटाळा येतो. रविवारी येशील?" हे खोटं नव्हतं, साखर मलाही आहे. पहिल्या रविवारी आम्ही चिंचणीच्या सुरूच्या झाडांपासून चालायला लागलो आणि परत येईपर्यंत तो दोन वाक्यं बोलला. एक, "पाणी उतरतंय." दुसरं, "चल, बस झालं."

चौथ्या की पाचव्या रविवारी आम्ही भरतीच्या वेळी गेलो. गुडघाभर पाण्यात तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. लाट येते, फुटते, धडाड आवाज होतो. मी घाबरलो, म्हटलं आता हा पळतो की काय. तो उभाच राहिला. एक, दोन, दहा लाटा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, हिचा आवाज मोठा आहे, पण ती येताना दिसते." आणि त्या रात्रीचं पहिल्यांदा बोलला. चहाचं, त्या माणसाचं, त्याने उसने घेतलेल्या लायटरचं. लायटर अजून याच्याकडेच आहे. हे चार वर्षांत त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर काय बोलावं ते सुचलंच नाही, आणि ते फार बरं झालं.

नंतर मला कळलं की भाचा काय म्हणत होता. समोरासमोर खुर्च्या टाकून "बोल" म्हटलं की माणूस गप्प होतो. शेजारी उभं राहून दोघं एकाच गोष्टीकडे बघत असले, पायाला गार पाणी लागत असलं, की तोंड आपोआप उघडतं. आणि जी भीती आहे तिच्यासारखीच, पण तिच्याहून लहान, ओळखीची भीती आपल्या मर्जीने अंगावर घ्यायची, मागे कुणीतरी उभं आहे अशा बेताने. फळी ढकलणारा काय आणि शेजारी उभा राहणारा काय, काम तेच.

आज आम्ही सहा जण आहोत. एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या पत्नी गेल्यापासून त्यांनी तीन वर्षं घरात रेडिओ लावला नव्हता. एक दांडीचे तांडेल आहेत. दोन मुलगे आहेत, एक स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेला, दुसऱ्याबद्दल त्याने सांगू नको म्हटलंय. वेळ घड्याळावर नसते, भरतीवर असते, आणि ती ठरवतात तांडेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आत-बाहेर. तांडेल शनिवारी रात्री एक निरोप टाकतात, "उद्या साडेसात." बाकी ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं टाकायला बंदी आहे!

नियम आमचे आम्ही केले नाहीत. पालघरहून एक समुपदेशक ताई महिन्यातून एकदा येतात, त्यांनी करून दिले. सल्ला द्यायचा नाही. "माझं बघ, मी कसा सावरलो" असं म्हणायचं नाही. खोदून विचारायचं नाही. इथलं इथेच ठेवायचं. गोळ्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. कुणी जगण्याचा कंटाळा आला असं म्हणालं, तर विषय बदलायचा नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का? त्याला एकटं सोडायचं नाही, आणि मदत घ्यायची. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी नंबर २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. शेवटचा नियम, कुणी सांगितल्याशिवाय आलं नाही तर त्याच दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं. हा नियम ताईंनी नाही, मी घालून घेतला. तो सोमवार मला पुन्हा नको आहे.

आता आक्षेप. एक शेजारी म्हणाले, "समुद्रावर फिरून वेड बरं होतं होय?" नाही होत. मावसभाऊ अजून गोळ्या घेतो. गेल्या दिवाळीत चार दिवस घराबाहेर पडला नाही, फटाके. ज्यांचा आजार गंभीर आहे त्यांना आधी डॉक्टरच हवेत, फिरणं नंतर. समुद्र औषध आहे असं मी म्हणत नाही. मला एवढंच म्हणायचंय की औषधाच्या बरोबरीने जे लागतं ते आपल्या तालुक्यात नाही, आणि ते उभं करायला फार पैसे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप मावशीने घेतला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका रविवारी आम्ही परत आलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "तुम्ही सहा पुरुष जाता, बोलून मोकळे होऊन येता. त्याची चार वर्षं मी काढली, सुनेने काढली. आम्ही कुठल्या पाण्यात उभं राहायचं?" मी गप्प. साडेसातला बाई किनाऱ्यावर गेली तर घरी डबे कोण करणार, आणि दुपारच्या भरतीला गेली तर गाव काय म्हणणार? मावशी भजनी मंडळात जाते, पण तिथेही तिने मुलाचं कधी काढलेलं नाही. आजारी माणसाच्या घरातल्या बाईला कुणी विचारत नाही, हे मी लिहिलेल्या सगळ्यातलं सगळ्यात मोठं भोक आहे. आता सुनेने आणि ताईंनी मिळून बुधवारी दुपारी आमच्याच ओट्यावर चार बायका जमवायला सुरुवात केली आहे. निवडलेली मेथी तेवढी दिसते, बाकी आत काय बोलतात ते आम्हाला सांगत नाहीत. सांगूही नये.

ओट्यावरून आठवण झाली. जगाला हे सर्फिंगवाल्यांनी शिकवलं असं आपण म्हणतो, पण आपल्या जिल्ह्याने हे आधी करून दाखवलंय. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, बरोबर अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात जाईल, म्हणून त्या वस्तीत गेल्या, अंगणात बसल्या, आणि त्यातून 'अंगणवाडी' निघाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ मध्ये सरकारने देशभर एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते हेच. केपटाउनच्या त्या वस्तीत जे झालं ते याहून वेगळं काय आहे? माणूस दवाखान्यात येत नाही ना, मग तो जिथे आनंदाने येईल तिथे जाऊन बसा, आणि त्याच्यातल्याच एकाला शिकवून तयार करा.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. पालघर जिल्हा २०१४ च्या १ ऑगस्टला झाला. कारखाने आहेत, अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आहे, वाढवण बंदराचं भूमिपूजन २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालं. कंपन्या समाजकार्याच्या पैशातून कमानी, बाकडी आणि वह्या देतात. त्यातला थोडा पैसा गावोगावच्या दहा-बारा तरुणांना, आशाताईंना, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना ऐकून घेण्याचं शिक्षण द्यायला घाला. एक समुपदेशक महिन्यातून एकदा प्रत्येक गटाकडे जाईल एवढी सोय करा. स्फोट झाला की मेलेल्यांना भरपाई मिळते, भाजलेल्यांना दवाखाना मिळतो. ज्याला खरचटलंसुद्धा नाही त्याच्या घरी कुणी जात नाही. तिथे जायला माणूस हवा. आणि समुद्राकाठी चार माणसांना बसता येईल एवढा किनारा मोकळा राहू द्या, एवढं बंदरवाल्यांनाही सांगणं आहे.

तुमच्या गावात समुद्र नसेल. नदीचा घाट असेल, टेकडी असेल, शाळेचं मैदान असेल. अमेरिकेतले ते अर्धे सैनिक डोंगरातच चालत होते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि कुणी आलं नाही तर जाऊन बघणारं माणूस, एवढ्याने सुरुवात होते. मात्र एखादा शिकलेला माणूस बरोबर घ्या, नाहीतर त्याचा आमचा डबा होईल.

आणि आता सुरुवातीची विनंती. त्याला "आम्हाला का नाही सांगितलंस" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर आपल्याकडेच आहे. आपण सगळ्यांनी त्याला भेटल्या भेटल्या विचारलं, "काय, नोकरीचं काय झालं?" मीही विचारलं. त्यापेक्षा इकडे आलात की रविवारी चला आमच्याबरोबर. चपला घाला जुन्या, वाळू ओली असते. आज षष्ठी, उद्या रविवारी सप्तमी. तांडेलांचा निरोप आत्ताच आलाय, "उद्या पाच. अंधार असेल, बॅटरी आणा."